सकाळची पहिली कॉपी

१

मूर्खपणा तिचाच होता, आणि तो ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा ते बरं.

कॉपीचं दुकान होतं तिचं. बोळाच्या टोकाला, एका मशीनपुरतं, एका काउंटरपुरतं आणि एका बाईपुरतं. गल्लीत सगळे तिला कॉपीताई म्हणायचे. रोज सकाळी कुलूप काढून मशीन तापवलं की एक कागद काढून बघावा लागतो. शाई सारखी पसरते का, कडा कापल्या जात नाहीत ना, बारीक अक्षर वाचता येतं का. गिऱ्हाइकाच्या कागदावर प्रयोग कशाला, म्हणून ती पर्समधलं स्वतःचं ओळखपत्र काचेवर ठेवायची. फोटो, नंबर, जन्मतारीख, सही, सगळं एका जागी. मशीन तपासायला याहून सोयीची वस्तू नाही. अकरा वर्षं रोज एक कॉपी.

बरं, ती कॉपी फाडून टाकावी ना? कागद फुकट घालवायला तिचा जीव व्हायचा नाही. ती पाठकोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात जायची, आणि तो गठ्ठा काउंटरवर दोरीला लटकलेला. कुणीही यावं, कागद ओढावा, फोन नंबर लिहून घ्यावा, खिळे बांधून न्यावेत. कागद नेणाऱ्याला ती वर "थँक्यू" म्हणायची. तिला सगळ्यांनाच थँक्यू म्हणायची सवय होती. मशीनला, दाराच्या कडीला, एकदा तर पैसे न देणाऱ्या एटीएमलासुद्धा.

हे उघडकीला आलं ते वन्संमुळे. वन्सं म्हणजे तिची थोरली नणंद. विमा कंपनीत तीस वर्षं लोकांचे खोटे दावे पकडण्यात घालवलेली, आता निवृत्त. भाऊ गेल्यापासून भावजयीकडेच राहायच्या. एक दिवस त्यांची चप्पल चांभाराकडून शिवून आली, कागदात गुंडाळून. वन्संनी कागद उलटला. आतून भावजय त्यांच्याकडे बघत होती, नाव-गाव-सहीसकट, आणि डाव्या गालावर एक काळा ठिपका.

ठिपक्याचं विशेष काही नव्हतं. दुकान सुरू केलं त्याच दिवशी शिक्क्याच्या शाईचा थेंब काचेवर पडला होता, तो वाळून बसला. नेमका तिथेच तिचा गाल यायचा. स्पिरिटने पुसला की जाईल, असं तिला अकरा वर्षं वाटत होतं.

वन्संनी कागदाची घडी घातली. म्हणाल्या, "चोराला त्रास नको म्हणून तू किल्लीच वाटत सुटलीस."

२

एरवी हे हसण्यावारी गेलं असतं. पण त्याच आठवड्यात जागेच्या मालकाने दुकान विकायला काढलं होतं. भला माणूस. आधी तिलाच विचारलं, महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाला. बँक कर्ज देणार होती, पण कागद बघून. तिच्या नावावर कुणी भलतंच काही करून ठेवलं असेल तर दुकान गेलं. आणि दुकान गेलं की तिच्याकडे उरणार एक जुनं मशीन आणि ते ठेवायला जागा नाही.

वन्सं दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मा पुसत दुकानात येऊन बसल्या आणि क्रेडिट रिपोर्ट मागवायला लावला. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो, हे तिला माहीतच नव्हतं. रिपोर्ट देणाऱ्या कंपन्या तीन-चार, वन्सं समजावत होत्या. सगळ्यांकडून एकदम मागायचा नाही. आज हिच्याकडून, चार महिन्यांनी तिच्याकडून. वर्षभर पहारा राहतो आणि खिशाला चाट नाही. दर महिन्याला पैसे घेऊन हाच पहारा देणारेही असतात म्हणे. काम तेच, फक्त पावती गुळगुळीत कागदावर.

रिपोर्ट उघडायला तिने मुद्दाम वेळ लावला. त्याचं कारण वन्संना माहीत नव्हतं. सहा वर्षांपूर्वी पाय मोडून ती तीन महिने अंथरुणावर होती, दुकान बंद होतं, आणि मशीनच्या कर्जाचे तीन हप्ते तिने भरलेच नव्हते. बँकेनेही कधी विचारलं नाही. आपण विसरलो, तेही विसरले, असं म्हणून तिने मनातल्या मनात त्यांचे आभार मानले होते. वन्सं तेव्हा दुसऱ्या गावी होत्या. त्यांना सांगायची छाती झाली नव्हती.

पडद्यावर कर्जासमोर लिहिलं होतं: सर्व हप्ते वेळेवर.

तिने ती ओळ दोनदा वाचली. लाज वाटली, आणि हायसंही वाटलं. तिने पान खाली सरकवलं.

"हे काय," वन्सं म्हणाल्या.

त्याखाली आणखी एक कर्ज होतं. कॉपी मशीन, एक. तिच्या मशीनच्या बरोबर आठ दिवसांनी घेतलेलं. तेच मॉडेल, तीच रक्कम, तिचंच नाव, तिचीच जन्मतारीख. त्याचेही सर्व हप्ते वेळेवर. मोबाइल नंबर तिचाच, फक्त शेवटचा आकडा एकने पुढे.

आणि पत्ता तिच्या दुकानाचा. त्यापुढे दोन शब्द: मागची खोली.

३

दुकानाला मागची खोली नव्हती.

मशीनच्या मागे भिंत होती, एका विटेची. वर, छताजवळ, जुना पंखा काढल्यावर राहिलेला हातभर झरोका. उन्हाळ्यात वारा यावा म्हणून स्टुलावर चढून ती त्याची जाळी झाडायची, तेव्हा पलीकडे दातांच्या डॉक्टरांचं अंगण दिसायचं. एक स्कूटर, दोरीवर वाळत घातलेले पांढरे कोट. बास. खोली सोडा, कपाट उभं करायलाही जागा नव्हती.

तरी ती बोळाला वळसा घालून डॉक्टरांच्या अंगणात जाऊन आली. भिंत बाहेरून होती तशीच होती, हिरव्या रंगाची, पोपडे सुटलेली. तिने तळहात ठेवून बघितला. एका जागी भिंत कोमट लागली. ऊन पडलं असेल, तिने स्वतःला समजावलं. ती बाजू उत्तरेची होती, हे परत येताना लक्षात आलं.

मग तिला आवाजाची आठवण झाली. सकाळी मशीन तापताना घरघरतं, मग टक्‌ वाजतं, मग दिवा काचेखालून सरकतो. अकरा वर्षं हा आवाज तिला दोनदा ऐकू यायचा. एकदा समोरून, आणि एक श्वास जाईल इतक्या वेळाने मागून. ती त्याला घुमणं समजायची. एवढ्याशा दुकानात काय घुमणार, हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. आपल्याला प्रश्न उशिराच पडतात, ती म्हणायची, उत्तरं मिळून गेल्यावर.

वन्सं चहा आणायला गेल्या तेव्हा तिने रिपोर्टमधला तो नंबर फिरवला. वन्संनी अनोळखी नंबरावर फोन करू नकोस म्हणून नुकतंच बजावलं होतं, म्हणून त्या गेल्यावर.

घंटी वाजली. कानात वाजली, आणि भिंतीमागे वाजली.

उचलला. मागे मशीनची घरघर. "बोला, किती कॉप्या?"

तिचाच आवाज. तिच्यासारखाच घाईतला, शेवटचं अक्षर खाणारा.

आता अशा वेळी शहाण्या माणसाने फोन ठेवावा. तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "एकच."

"एकच ना," तो आवाज म्हणाला. "रोजच्यासारखी."

तिने फोन ठेवला. ठेवण्याआधी आपण थँक्यू म्हणालो, हे तिला नंतर आठवलं, आणि त्याचीच जास्त लाज वाटली.

वन्संना तिने सगळं सांगितलं. त्यांनी चहा ओतला. हल्ली आवाजही चोरतात, म्हणाल्या. दोन वाक्यं मिळाली की यंत्र उरलेली बोलतं, आणि तू तर दिवसभर दोनच वाक्यं बोलतेस. भिंतीमागून आलेल्या घंटीचा विषय निघाला तशा त्या कप धुवायला उठल्या. कप धुताना त्यांनी एकदा भिंतीकडे बघितलं, एवढंच.

४

पुढचे दोन दिवस वन्संनी तिला कामाला लावलं. रिपोर्ट देणाऱ्या कंपनीकडे तक्रार टाकली, की हे दुसरं कर्ज माझं नाही. रिपोर्टला कुलूप घातलं. म्हणजे तिच्या नावाने कुणी नवं कर्ज मागायला गेलं तर बँकेला रिपोर्टच दिसणार नाही, आणि ज्याला रिपोर्ट दिसत नाही तो कर्ज देत नाही. तेही फुकट. बँकेचा प्रत्येक संदेश मोबाइलवर यायची सोय केली. गठ्ठा उतरवला आणि त्यातले तिचे सगळे चेहरे वन्संनी कात्रीने बारीक कापले. मिरच्या चिरताना असतो तसा त्यांचा चेहरा होता.

दुकानात पाटी लागली: ओळखपत्राच्या कॉपीवर कशासाठी दिली ते आणि तारीख लिहून घ्या. पेन इथे आहे. लोक हसले, पण लिहायला लागले. दातांचे डॉक्टर तर स्वतः येऊन आभार मानून गेले. तिला बरं वाटलं. आपल्या मूर्खपणाचं कुणाला तरी औषध झालं.

आणि पहिली कॉपी तिने बंद केली. म्हणजे काढायची, पण जुन्या पाककृतींच्या वहीच्या पानाची. ओळखपत्र घरी, कपाटात, साड्यांच्या खाली.

पहिल्या सकाळी तिने वहीचं पान ठेवलं, बटण दाबलं. घरघर, टक्‌, दिवा सरकला. कागद बाहेर आला. ती मागच्या आवाजासाठी थांबली.

मागे मशीन तापलं. टक्‌ झालं. पुढे काही नाही. दिवा सरकल्याचा आवाज नाही, कागद आल्याचा नाही. नुसती घरघर, खूप वेळ. पानं मांडून, जेवायचं थांबून कुणी तरी वाट बघत बसावं तसं.

दुसऱ्या सकाळी तसंच. तिसऱ्या सकाळी ती कुलूप काढून आत आली, अजून मशीनचं बटणही लावलं नव्हतं, आणि ट्रेमध्ये एक कागद पडलेला होता. कोरा. फक्त वर डाव्या बाजूला तो शाईचा ठिपका. रात्रीचा राहिला असेल, तिने विचार केला. मी बावळट आहेच. कागद उचलला.

कोमट होता.

त्या दिवशी तिने दुकानाचं दार दिवसभर सताड उघडं ठेवलं आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला बसा-बसा करत राहिली. एका म्हाताऱ्याने चार पानांच्या कॉप्यांपायी तिच्याकडे दोन तास काढले आणि जाताना विचारलं, पोरी, तब्येत बरी आहे ना.

बाराव्या दिवशी कंपनीचं उत्तर आलं. वन्संनी मोठ्याने वाचलं. याच नावाने, याच सहीने, अगदी अशीच तक्रार तुमच्या तक्रारीच्या नऊ दिवस आधी आमच्याकडे नोंदवली गेली आहे. तक्रारदार बाईंचं म्हणणं होतं की त्यांची ओळख वापरून कुणी तरी पुढच्या भागात दुकान चालवत आहे. मात्र त्यांनी काल तक्रार मागे घेतली. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: घरातलीच आहे.

वन्संनी चष्मा काढला. तीस वर्षांत त्यांनी नाना तऱ्हेची पत्रं वाचली होती. "नऊ दिवस आधी," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणजे आपण तक्रार करायच्याही आधी."

तिने फक्त मान हलवली. तिच्या मनात वेगळंच चाललं होतं. घरातलीच आहे, असं तिच्याबद्दल कुणी फार वर्षांत म्हटलं नव्हतं.

५

महिना संपायला तीन दिवस होते तेव्हा ती बँकेत गेली, मशीनचं कर्ज दिलं होतं त्याच. वन्सं दाताच्या दुखण्याने घरी, त्यामुळे एकटीच. कर्ज बघणाऱ्या साहेबांच्या टेबलापुढे बसल्यावर तिला आठवलं की रिपोर्टचं कुलूप काढायचं राहिलंय. ते काढल्याशिवाय साहेबांना काहीच दिसणार नाही. आणि कुलपाचा आकडा घरी, वन्संच्या डायरीत. तिने कपाळावर हात मारला आणि साहेबांना सांगितलं, मी मूर्ख आहे, उद्या येते.

साहेब पडद्याकडे बघत होते. कुलूप तर आज सकाळीच काढलंय तुम्ही, म्हणाले. नऊ वाजून दहा मिनिटांनी.

नऊ वाजून दहा मिनिटांनी ती दुकानात मशीन तापवत उभी होती.

साहेब वाचत होते. दोन्ही कर्जं फिटलेली, अकरा वर्षांत एक हप्ता इकडचा तिकडे नाही, असा रिपोर्ट महिन्यातून एखादाच बघायला मिळतो, म्हणाले. तिला ते तीन हप्ते आठवले. दुकान वाचतंय तर गप्प बसावं, असं एक मन म्हणत होतं. पण इतकी वर्षं गप्प बसून ती थकली होती. तिने सांगून टाकलं: साहेब, सहा वर्षांपूर्वीचे तीन हप्ते मी भरलेले नाहीत. पाय मोडला होता.

साहेबांनी जुन्या नोंदी उघडल्या, खाली खाली गेले.

"भरलेत की. काउंटरवर, रोख, तुमच्या सहीने." मग जरा वाकून बघितलं. "तिन्ही वेळा आमच्या कॅशियरने शेरा मारलाय. बाईंनी ओळखपत्राऐवजी त्याची कॉपी दाखवली, पण चेहरा जुळला."

कर्ज मंजूर झालं. साहेबांनी हात पुढे केला, तिने तो दोन्ही हातांनी धरला. बाहेर पायरीवर बसून ती रडली, आणि रडता रडता तिच्या लक्षात आलं की भीती अजून तशीच आहे, पण तिच्या शेजारी दुसरं काही तरी येऊन बसलंय. ती तीन महिने अंथरुणावर पडली होती, दुकान बंद, मशीन गार, सकाळची कॉपी नाही. आणि त्या अंधाऱ्या खोलीतून कुणी तरी दर महिन्याला हप्त्याच्या तारखेला उठून, हातात कागदाचा तुकडा घेऊन, बँकेच्या रांगेत उभं राहत होतं.

घरी जाऊन तिने वन्संना ते तीन हप्तेही सांगितले. वन्सं गाल धरून बसल्या होत्या. मग म्हणाल्या, उद्या ओळखपत्र घेऊन जा बरोबर. वाट बघायला लावू नये कुणाला.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दुकान उघडलं. बोळात ऊन आलं होतं, समोर कुणी तरी झाडत होतं. तिने मशीन लावलं, ओळखपत्र काचेवर नेहमीच्या कोपऱ्यात ठेवलं, बटण दाबलं. घरघर, टक्‌, दिवा सरकला. कागद आला.

एक श्वास.

मागे घरघर, टक्‌, दिवा सरकला. कागद आला.

तिने स्टूल ओढलं. भीती होतीच, पण आभार मानायचे राहिले की तिला जेवण जात नाही, त्याला काय करणार. ती चढली. जाळीला नाक लावलं.

स्कूटर नव्हती. कोट नव्हते. तिचंच दुकान होतं तिथे, तसंच काउंटर, तसाच दोरीचा खिळा. फक्त रंग नव्हता. भिंत राखाडी, काउंटर राखाडी, उघड्या दारातून आलेलं ऊन राखाडी. काळं होतं तेवढं मात्र शाईसारखं काळं, कडांना जरा फुटलेलं. गरम कागदाचा वास येत होता. मशीनपुढे एक बाई पाठमोरी उभी होती. केस सगळे काळे, ओळखपत्रावरच्या फोटोत होते तसे. नुकताच आलेला कागद दोन्ही हातांत धरून ती बघत होती, पत्र वाचावं तसा.

कॉपीताईने तोंड उघडलं. पण पंचाईत पडली ती अहो म्हणावं की अगं. मग तिने नुसतंच जाळीतून सांगितलं. ते तीन हप्ते, ते कुलूप, ते दुकान. फार उपकार झाले. माझ्याकडून काही लागलं तर, काहीही लागलं तर, संकोच करू नका.

बाईने कागद खाली ठेवला. मान वळवली नाही.

"काच पुसत जा," ती म्हणाली. "अकरा वर्षं झाली, गालावरचा डाग जात नाही."